उगले मॅडमचा भागाकार

फळ्यावर मी २३० लिहिलं आणि दारातून आवाज आला, "कुठचे दोनशे तीस?"

अमरावतीच्या आमच्या आयटीआयमधला माझा तो पहिलाच आठवडा होता. मी कार्यशाळा गणित शिकवायला लागले होते. वीजदाब आणि विद्युतप्रवाह दिला असता शक्ती कशी काढायची, हा त्या दिवशीचा धडा. उदाहरण पुस्तकातलंच घेतलं होतं: एक शेगडी, दोनशे तीस व्होल्ट, पाच अँपियर, तर वॅट किती? मी वळून पाहिलं. दारात पन्नाशीच्या एक बुटक्या बाई उभ्या होत्या. सुती साडी, तिच्यावर खाकी डगला, पायात पीटीच्या तासाला घालतात तसले रबरी तळाचे बूट. त्यांनी माझ्या परवानगीची वाट पाहिली नाही. सरळ आत आल्या, फळ्याखालच्या प्लगमध्ये मीटरच्या दोन्ही पिना घातल्या आणि मीटर माझ्यापुढे धरलं.

"आज दोनशे अकरा हायेत. पोरायले खरं सांगत जा," म्हणाल्या आणि गेल्या.

वर्ग हसला. मी फळा पुसला, दोनशे अकरा गुणिले पाच केलं, उत्तर एक हजार पंचावन्न लिहिलं आणि वाटलं, सुटले. संध्याकाळी बडनेऱ्याला अकोल्याच्या गाडीत त्या समोरच बसल्या. त्याही अकोल्याच्या, अपडाऊन करणाऱ्या. मी ओळख करून घ्यायला नाव सांगितलं, तर त्यांनी विचारलं की, पुसल्यावर काय लिहिलं? मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मग दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "दाब कमी झाला तं पाच अँपियर पाचच राहतीन काय, कल्पना? शेगडी तेच हाये. तिचा रजिस्टन्स तेवढाच हाये. छेचाळीस. आता भाग."

मी भागलं. साडेचारच्या वर थोडं आलं. पुन्हा गुणलं. नऊशे अडुसष्ट वॅट. पुस्तकात साडेअकराशे होते. दाब थोडासाच उतरला होता, पण उष्णता चांगलीच उतरली होती. मला गणितात पदवी होती आणि ही गोष्ट मला मूर्तिजापूर येईपर्यंत नीट दिसली नव्हती.

उगले मॅडम इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवायच्या. कागदोपत्री तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी नव्याने नेमणूक, तास घेतला तर त्याचे पैसे, नाही घेतला तर नाही. असं एकवीस वर्षं चाललं. कोणी "कशा आहात?" विचारलं तर उत्तर ठरलेलं, "चालू हाये." पहाटे उठून स्वयंपाक, मग गाडी, बडनेऱ्याहून अमरावतीत ऑटो, दिवसभर उभ्याने कार्यशाळा आणि परत. गाडीत बसल्या की बूट काढायच्या, समोरच्या बाकावर वर्तमानपत्र अंथरून पाय वर घ्यायच्या. पाय सुजलेले असत. त्याच अवस्थेत मांडीवर जर्नलं घेऊन लाल पेनाने तपासायच्या. गाडी हलायची, लाल रेघही हलायची.

त्यांच्या वर्गात तारखेच्या शेजारी त्या दिवशीचा व्होल्टेज लिहिलेला असायचा. सकाळी पहिलं काम तेच. जो कोणी आधी येईल, त्याने मोजायचं आणि फळ्याच्या कोपऱ्यात मांडायचं. मग दिवसभराची सगळी गणितं त्या आकड्यावर. एप्रिलमध्ये शहरभर कूलर सुरू झाले की आकडा दोनशेच्या खाली यायचा. पावसाळ्यात एखाद्या दिवशी दोनशे चाळीस दिसायचे. त्यामुळे त्यांच्या पोरांची उत्तरं पुस्तकामागच्या उत्तरांशी कधीच जुळायची नाहीत. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी जर्नलं चाळून विचारलं होतं की, एकाच प्रयोगाची बारा जणांची बारा उत्तरं कशी? मॅडम म्हणाल्या होत्या, बारा दिवशी केला म्हणून. लेखी परीक्षेत त्यांच्या एका विद्यार्थ्याने तर उत्तरपत्रिकेत प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, "मोजायला मीटर दिले नाही, म्हणून प्रश्नात दिल्याप्रमाणे २३० धरले आहेत." त्याची चर्चा स्टाफरूममध्ये महिनाभर पुरली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नाही.

सूत्र पाठ करण्यासाठी मुलांना एक त्रिकोण शिकवतात. वर व्होल्ट, खाली अँपियर आणि ओहम, जे काढायचं त्यावर बोट ठेवायचं. तो त्रिकोण मॅडमना मुळीच आवडायचा नाही. त्या एक जुना शंभर वॅटचा, आत तार असलेला बल्ब आणायच्या. आधी तो तसाच थंड असताना मीटरवर त्याचा रोध, म्हणजे रजिस्टन्स, मोजायला लावायच्या. चाळीस ओहमच्या आसपास यायचा. मग बल्ब लावायचा, दाब मोजायचा, प्रवाह मोजायचा, भागाकार करायचा. पाचशेच्या वर. पोरं गोंधळायची, मीटर बिघडलं म्हणायची, दुसरं मीटर आणायची. तासभर मॅडम काही सांगायच्या नाहीत. शेवटी सांगायच्या की शेगडीच्या तारेचा रोध तापल्यावरही जवळपास तेवढाच राहतो, पण बल्बची तार तापली की तिचा वाढतो, म्हणून रिकाम्या वेळी मोजलेलं कामाच्या वेळी उपयोगाचं नाही. काम चालू असताना मोजा. "आधी मोज, मंग बोल," हे त्यांचं एकच वाक्य होतं आणि ते त्या विद्यार्थ्यांना, शिपायाला, प्राचार्यांना, कोणालाही ऐकवायच्या.

मला त्यांच्याबद्दल वर्षभर एक गैरसमज होता. त्यांचे हात मोकळे असत. बांगडी नाही, अंगठी नाही, गळ्यातही नुसता काळा दोरा. मी आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणींनी जे समजायचं ते समजून घेतलं होतं. संक्रांतीला स्टाफमधल्या बायकांचं हळदीकुंकू झालं, तेव्हा कुंकवाचं ताट एकीकडून दुसरीकडे जाताना मॅडमपाशी थांबलंच नाही. त्यांनी वाण म्हणून ठेवलेली चहाची गाळणी उचलून पाहिली आणि परत ठेवली. त्या संध्याकाळी गाडीत मी धीर करून विचारलं की, साहेब केव्हा गेले? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सकाळी साहा वाजता गेले. भाजी बाजारात," म्हणाल्या.

मग त्यांनीच सांगितलं. शिकत असतानाच एका बाईच्या हातातली बांगडी उघड्या तारेला लागलेली त्यांनी पाहिली होती. त्या दिवशी काढल्या त्या काढल्या. सासूने पुष्कळ आदळआपट केली. नवरा म्हणाला, "राहू द्या, मी जिता हाओ हे तिले माईत हाये न." मी म्हटलं, मग आज हळदीकुंकवाला सांगायचं तरी होतं. त्या म्हणाल्या की दिवसभर उभं राहून आल्यावर आणखी हेही कोणाला समजावत बसायचं त्राण नाही.

प्रभाकरराव, म्हणजे त्यांचे यजमान, यांचं जठारपेठेत भाजीचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच घर. माळी घराणं, पिढीजात भाजीवाले. ते बायकोला चारचौघांत मॅडमच म्हणायचे आणि त्यात थट्टा किती आणि अभिमान किती हे कधी कळायचं नाही. संध्याकाळी आमची गाडी आली की स्टेशनवर सायकल घेऊन हजर. मॅडमची पिशवी सायकलला लटकायची आणि दोघं चालत निघायचे. रस्त्यात फारसं बोलत नसत. एकदा मी त्यांच्यासोबत घरापर्यंत गेले होते. घरातला पंखा गरगर फिरायच्या ऐवजी मोजता येईल असा फिरत होता. मी म्हटलं, मॅडम, तुमच्या घरचाच पंखा? प्रभाकरराव म्हणाले, तीन वर्षांपासून नंबर लागलेला आहे, पण आधी जगाचे पंखे.

आता धारणीची गोष्ट.

आमच्या संस्थेचं दर हिवाळ्यात एक दुरुस्ती शिबिर असायचं. मुलांनी एखाद्या गावी जायचं, लोकांचे पंखे, मिक्सर, मोटारी दुरुस्त करून द्यायच्या. त्या वर्षी धारणी तालुक्यातलं, मेळघाटातलं एक गाव होतं. जानेवारीचा महिना. परतवाड्यापर्यंत बसने, पुढे घाटातून जीपने. रस्ता असा की मॅडम मीटर मांडीवर पदरात गुंडाळून बसल्या होत्या, लहान मूल घ्यावं तशा. मी मोजमापाचं लिखाण करायला सोबत होते.

तिथल्या छोट्या आरोग्य केंद्रात रेखा नावाच्या सिस्टर होत्या. मूळच्या नांदगाव खंडेश्वरच्या, नोकरीमुळे इथे एकट्या राहणाऱ्या. दुपारी त्या शाळेच्या व्हरांड्यात आल्या, जिथे आमचं शिबिर चाललं होतं. पोरं पंखे उघडत होती ते पाहत राहिल्या. मग मॅडमना म्हणाल्या की आमची एक मशीन पाहता का? पाहून काही उपयोग नाही, ती चांगलीच आहे असा कागद आहे, तरी पाहता का?

ती मशीन म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या, वजनाने कमी असलेल्या बाळांना ऊब द्यायचा वॉर्मर. बाळ ठेवायचा उघडा पाळणा आणि त्याच्यावर हीटर. जुन्या धाटणीचा, एक बटण, बस्स. डिसेंबरमध्ये तिथे एक बाळ जन्मलं होतं, दिवसांच्या आधी आणि फार लहान. अशा वेळी बाळ आईच्या छातीशी बांधून ठेवतात, ते रेखा सिस्टरना माहीत होतं. पण आईचा रक्तस्राव थांबत नव्हता, ती शुद्धीवर नव्हती. म्हणून बाळ वॉर्मरखाली ठेवलं. सकाळभर बाळाचे पाय गार ते गारच. गाडी यायला दुपार झाली आणि धारणीला पोचायच्या आत बाळ गेलं. आई वाचली. पुढे रेखा सिस्टरना कारणे दाखवा नोटीस आली. मशीन सुस्थितीत असताना बाळास योग्य ऊब का देण्यात आली नाही? मशीन त्याआधी तीन वेळा तक्रार करून अमरावतीला पाठवली होती आणि तिन्ही वेळा "दोष आढळला नाही" असा शिक्का मारून परत आली होती. ते तिन्ही कागद त्यांच्याविरुद्धच लावले होते.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तवा व्होल्टेज किती होता?"

सिस्टर म्हणाल्या, मला कसं माहीत असणार?

"मोजलं काहून नाही?"

मला तेव्हा मॅडमचा राग आला. ती बाई रडायच्या बेतात आलेली आणि ह्या तिला वर्गातल्या पोरीसारखं विचारत होत्या. रेखा सिस्टर खाली पाहून म्हणाल्या, "कोणी शिकवलंच नाही, मॅडम." मॅडम उठल्या, स्वतःचा तो एक्स्टेन्शन बोर्ड घेतला, ज्याच्या वायरीतली एक तार सोलून वेगळी काढून ठेवलेली असायची. प्रवाह मोजायच्या मीटरचा चिमटा एकाच तारेभोवती लावावा लागतो, म्हणून ती सोय. आरोग्य केंद्रात गेलो. आजूबाजूच्या शेतांत गव्हाला पाणी देणाऱ्या मोटारी सुरू होत्या, त्यांचा आवाज खिडकीतून येत होता.

मीटर त्यांनी सिस्टरच्याच हातात दिलं. वाच म्हणाल्या. सिस्टरनी वाचलं, एकशे अठ्ठावन्न. मग चिमटा लावला. एक पूर्णांक आठ. मशीनच्या पाठीवर पत्र्याची पट्टी होती, तिच्यावर लिहिलेलं होतं दोनशे तीस व्होल्ट, सहाशे वॅट. मॅडमनी लसीच्या रिकाम्या खोक्यावर पेनाने गुणाकार केला आणि खोकं पुढे धरलं. दोनशे चौऱ्याऐंशी.

"मशीन चांगलीच हाये, सिस्टर," त्या म्हणाल्या. "तिले अर्धंबी खायले भेटून नाही राहिलं."

रेखा सिस्टरनी खोकं हातात घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या की, मला हाताला कळत होतं. मी रोज हात धरून पाहायचे आणि मला कळत होतं की ऊब कमी आहे. पण कागद म्हणत होता चांगली आहे, तर मला वाटलं माझाच हात चुकतो.

मॅडम पाळण्याच्या कडेला टेकल्या. "हात नाही चुकत," म्हणाल्या. "पण हाताले कळलेलं सायबाच्या टेबलावर ठेवता येत नाही न. त्यासाठी आकडा लागते. तेवढ्यासाठीच आमी हे शिकवतो."

दोन दिवसांनी आम्ही निघालो, तेव्हा मॅडमनी आपलं मीटर तिथेच ठेवलं. रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ मोजायचं, तारीख आणि वेळ घालून वहीत लिहायचं, वहीवर गावातल्या शिक्षकाची सही घ्यायची. पुढचे तीन आठवडे आमच्या परतीच्या गाडीत मूर्तिजापूरच्या आधी फोन वाजायचा आणि मॅडम कानाला मोबाइल लावून कोणाच्या तरी जर्नलच्या मागच्या पानावर आकडे उतरवायच्या. एकशे एकोणसाठ, एकशे त्र्याहत्तर, दोनशे चार. एका सकाळी एकशे एकोणपन्नास. त्या दिवशी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बडबडल्या, "इतक्यात तं चहाबी उकळत नाही."

मार्चमध्ये अमरावतीच्या एका कार्यालयात चौकशी ठेवली होती. रेखा सिस्टरनी मॅडमना यायची विनंती केली. प्राचार्यांनी परवानगी दिली नाही. म्हणाले की दुसऱ्या खात्याच्या भानगडीत आपण कशाला पडायचं. मॅडमनी वाद घातला नाही. त्या दिवशीचा तास सोडला, प्रयोगशाळेतला डिमरस्टॅट स्वतःच्या सहीने बाहेर काढला आणि मला म्हणाल्या, एका बाजूनं धर. डिमरस्टॅट म्हणजे व्होल्टेज हवा तसा कमी-जास्त करायचं, वर गोल चाक असलेलं यंत्र. चांगलंच जड असतं. आम्ही दोघी ते ऑटोतून उतरवून दोन जिने चढलो. मधल्या वळणावर मॅडम भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. चेहरा घामाने डबडबलेला. मी म्हटलं, थांबू या. त्या म्हणाल्या की थांबले तर बसेन आणि बसले तर उठणार नाही.

वॉर्मर त्या खोलीत आधीच आणून ठेवलेला होता, पुरावा म्हणून. चौकशी करणारे साहेब वाईट नव्हते. त्यांनाही कंटाळा आलेला दिसत होता. त्यांनी वही चाळली आणि मॅडमना विचारलं की, तुम्ही इंजिनियर आहात का?

"नाई."

"वैद्यकीय उपकरणांचा काही कोर्स?"

"नाई."

"मग हे सगळं तुम्ही कशाच्या आधारावर सांगताय?"

"भागाकार येते मले, साहेब," मॅडम म्हणाल्या. "आन गुणाकार."

खोलीत कोणी हसलं नाही, कारण त्यांनी ते विनोदाने म्हटलंच नव्हतं. साहेब म्हणाले की मशीन तीन वेळा तपासली गेली आहे. मॅडमनी विचारलं, कुठे तपासली? साहेब म्हणाले, इथेच, ह्याच इमारतीत. मॅडमनी वॉर्मर भिंतीच्या प्लगला लावला आणि त्या साहेबांच्या हाताखालच्या कारकुनाला मीटर वाचायला सांगितलं. दोनशे एकतीस व्होल्ट. दोन पूर्णांक सहा अँपियर. गुणाकार सहाशे. भागाकार अठ्ठ्याऐंशी ओहमच्या थोडा वर. ते एका कागदावर लिहायला लावलं. मग वॉर्मर डिमरस्टॅटवर घेतला आणि चाक फिरवत फिरवत एकशे अठ्ठावन्नवर आणलं. पुन्हा कारकुनालाच वाचायला लावलं. एक पूर्णांक आठ. भागाकार पुन्हा अठ्ठ्याऐंशीच्याच जवळ.

"रजिस्टन्स तोच हाये," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे मशीनमंदी दोष नाही, तुमचा कागद खरा हाये. पावर मातर सहाशाची दोनशे चौऱ्याऐंशी झाली. मशीन चांगली, सिस्टर चांगली, आन लेकरू गार. हात ठेवून पाहा."

साहेबांनी हात पाळण्यात, हीटरखाली धरला. बराच वेळ धरून राहिले. मग चाक पुन्हा दोनशे तीसवर न्यायला सांगितलं आणि पुन्हा हात धरला. त्यानंतर त्यांनी कारकुनाने लिहिलेल्या कागदावर स्वतः सही करून तो फाइलला लावला.

बाहेर व्हरांड्यात रेखा सिस्टर आमच्यासाठी पाणी घेऊन आल्या. निकाल यायचा होता, पण काय येणार ते दिसत होतं. त्या आनंदात असायला हव्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, तेव्हा मला हे मोजता आलं असतं, तर ते बाळ वाचलं असतं का?"

मॅडमनी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांत धरला होता. 

"ते गणित माह्याच्यानं होत नाही, बाई," त्या म्हणाल्या.

महिन्याभराने रेखा सिस्टरवरचा ठपका काढल्याचं पत्र निघालं. उन्हाळा संपता संपता त्या केंद्राच्या जवळ वेगळी डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, बसली. सिस्टरनी मोजून फोनवर सांगितलं, दोनशे सव्वीस. मॅडम म्हणाल्या, बरं, आणि फोन ठेवला. मला वाटलं होतं, काहीतरी आणखी बोलतील.

आमच्याकडे त्यांना परवानगीशिवाय प्रयोगशाळेतलं साहित्य बाहेर नेल्याबद्दल पत्र मिळालं. त्याला त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं की साहित्य नेले, वापरले, त्याच दिवशी परत ठेवले. ऑगस्टमध्ये नव्या सत्राची तासिकांची यादी लागली, तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. पात्रतेचा नवा नियम असं कारण सांगण्यात आलं. मी प्राचार्यांकडे जायला निघाले तर त्यांनीच अडवलं. एकवीस वर्षं दरवर्षी ह्या यादीत नाव शोधलं, आता शोधायचं नाही म्हणजे तेवढंच काम कमी, असं काहीसं म्हणाल्या. मला ते खरं वाटलं नाही. पण त्या खोटंही बोलत नव्हत्या. दोन दिवस येऊन त्यांनी प्रयोगशाळेतली झाडून सगळी मीटरं तपासली, जी चुकीची दाखवत होती त्यांवर किती चुकतं ते चिठ्ठीवर लिहून चिकटवलं, किल्ल्या दिल्या आणि गेल्या. निरोपसमारंभ वगैरे झाला नाही. तासिकावाल्यांचा होत नाही.

त्यांच्या जागी आलेला तरुण निदेशक पुढच्या एप्रिलमध्ये, प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर असताना, दुसरीकडे नोकरी लागली म्हणून निघून गेला. प्राचार्यांनी मला बोलावलं. म्हणाले, तुम्ही अकोल्याच्याच, उगले मॅडमना विचारून पाहा, दोन महिन्यांचा प्रश्न आहे, पात्रतेचं काहीतरी करू.

मी रविवारी दुपारी जठारपेठेत गेले. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. प्रभाकरराव दुकानात ओलं पोतं टाकलेल्या सांभाराच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होते. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभारच म्हणतात. मला पाहून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि मागे या अशी खूण केली. मी चपला काढून हातात घेतल्या, फरशी तापलेली होती तरी.

मॅडम बाजेवर झोपल्या होत्या. एका कुशीवर, हात गालाखाली, चष्मा नाकावर तसाच वाकडा झालेला. शेजारी परातीत गवार निवडायला घेतलेली, अर्धी तशीच. तोंड थोडं उघडं होतं आणि श्वास मोठा चालला होता. मी त्यांना इतकी वर्षं रोज पाहिलं होतं, पण हा चेहरा पाहिला नव्हता. कुठेतरी पोचायचं आहे असा तो नव्हता.

"दुपारची झोपते आता," प्रभाकरराव कुजबुजले. "एकवीस वर्सं घरची दुपार पाह्यली नाही तिनं. काही काम होतं काय? उठवू?"

मी नाही म्हटलं. असंच आले होते म्हटलं.

प्राचार्यांना मी सांगितलं की भेट झाली नाही. कधी कधी वाटतं की हे मी त्यांच्या वतीने ठरवायला नको होतं. उठवलं असतं तर त्या आल्या असत्या, सोमवारच्या पहिल्या गाडीने, याची मला खात्री आहे. म्हणूनच उठवलं नाही. जूनमध्ये ते दोघं प्रभाकररावांच्या भावाच्या शेतावर राहायला गेले आणि त्यानंतर आमची गाठ पडली नाही.

त्या दुपारी मी निघताना बाज करकरली. त्यांनी झोपेतच कूस बदलली, तोंड भिंतीकडे केलं. प्रभाकररावांनी हलक्या हाताने त्यांचा चष्मा काढला, घडी करून परातीच्या काठावर ठेवला आणि दार लोटून घेतलं. मी दुकानापर्यंत अनवाणीच आले आणि चपला तिथे घातल्या.